काचेवर चरणारे शंख

खाऱ्या पाण्याच्या टाकीत शेवाळ येते ते उजेड आणि पाण्यात विरघळलेले खत या दोहोंच्या बळावर. माशांना घातलेल्या खाण्यातून, त्यातल्या उरलेल्या कणांतून आणि माशांच्या विष्ठेतून नायट्रेट आणि फॉस्फेट सुटतात आणि दिव्याखाली त्यांचे शेवाळ होते. समुद्रातही हेच घडते. पण तिथे खडकावर उगवणाऱ्या शेवाळाला वाढायला फारशी उसंत मिळत नाही, कारण ते खरवडून खाणारे असंख्य जीव त्याच खडकाला चिकटून बसलेले असतात. घरच्या टाकीत मासे येतात, दगड येतात, दिवा लागतो. चरणारा प्राणी मात्र बहुतेकदा शेवटी आठवतो, तोही काच हिरवी झाल्यावर. मग दुकानात जाऊन दिसतील ते शंख उचलले जातात आणि दोन महिन्यांत त्यांतले निम्मे मेलेले असतात. हे टाळता येते. शंख निवडताना त्याचे कवच किंवा किंमत पाहण्यापेक्षा तो कोणत्या किनाऱ्यावर, खडकाच्या कोणत्या उंचीवर आणि किती उष्ण पाण्यात वाढला हे पाहिले, तर बाकीचे बरेचसे प्रश्न उरत नाहीत.

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात हा विचार अधिकच करावा लागतो. गाव तापीच्या खोऱ्यातले, उत्तरेला सातपुडा आणि समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला. तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, पण तो किनारा गाळाचा आहे. शेवाळ खाणाऱ्या शंखाला पाय रोवायला खडक लागतो आणि तो सलग पाहायचा तर कोकणात उतरावे लागते. कोकणच्या किनाऱ्यावरचा काळा खडक आणि खानदेशच्या काळ्या मातीखालचा खडक एकाच लाव्हाचे, दख्खनच्या बेसाल्टचे आहेत. मुंबई, अलिबाग, हर्णै, रत्नागिरी इथल्या ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांवर जे शंख चरतात, तेच खानदेशातल्या टाकीसाठी उत्तम मापदंड ठरतात. अरबी समुद्राचे या भागातले पाणी वर्षभर साधारण २५ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते. खानदेशातल्या घरात पाणी याहून थंड ठेवणे महागात पडते. याहून थंड पाण्यातला शंख आणणे म्हणजे त्याला मारायलाच आणणे.

शंखाआधी शेवाळ ओळखावे. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो. तो डायाटमचा. पाण्यातली सिलिका संपत आली की तो आपोआप कमी होतो आणि जवळजवळ प्रत्येक चरणारा शंख तो आवडीने खातो. त्यानंतर काचेवर हिरवा, पातळ, बोटाने पुसता येणारा थर येतो. शंखांचा खरा चारा हाच. दगडांवर लांब केसांसारखे हिरवे तंतू वाढू लागले, तर ते खाणारे शंख थोडे आहेत आणि तंतू लांबले की तेही तोंड फिरवतात. ते आधी हाताने उपटून काढायचे आणि उरलेले बुडखे शंखांवर सोपवायचे. वाळूवर लालसर-जांभळी बुळबुळीत साय दिसली तर ते शेवाळ नसून सायनोबॅक्टेरिया असतात. ती साय शंख खात नाहीत. तिच्यासाठी पाण्याचा प्रवाह वाढवणे आणि खाणे कमी करणे हाच उपाय. काचेला घट्ट चिकटलेले गुलाबी-जांभळे, दगडासारखे कडक डाग मात्र चुनेदार शेवाळाचे. ते टाकी निरोगी असल्याचे लक्षण आहे, त्याला हात लावू नये.

शंखाच्या तोंडात एक फीत असते आणि तिच्यावर बारीक दातांच्या ओळीमागून ओळी असतात. रात्री दिवा बंद करून, काचेला चिकटलेल्या शंखाचे तोंड बाहेरून बॅटरीच्या मंद उजेडात पाहिले, तर ही फीत काम करताना दिसते. ओठ उघडतात, फीत पुढे येते, काचेवरून वर ओढली जाते, आत जाते. शंख किंचित पुढे सरकतो आणि डोके डावीकडून उजवीकडे फिरवत पुन्हा तेच करतो. सकाळी हिरव्या काचेवर त्याने रात्रभर केलेल्या कामाची नागमोडी रेघ स्वच्छ उमटलेली असते. पुढचे दात झिजतात आणि मागून नव्या ओळी सरकत येतात. कोकणच्या खडकांवर टोपीच्या आकाराचे, सेलाना रेडिएटा नावाचे जे लिंपेट चिकटलेले असतात, त्या कुळाच्या दातांत गोथाइट हे लोखंडाचे खनिज असते. २०१५ साली ब्रिटनमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाच्या संशोधकांनी लिंपेटच्या दातांची ताकद मोजली, तेव्हा तोवर मोजलेल्या कोणत्याही जैविक पदार्थापेक्षा ती जास्त भरली. या लिंपेटांना टाकीसाठी खडकावरून उपटू नये. उपटताना पायाला जखम होते आणि ते जगत नाहीत.

ओहोटीला खडकावरून खाली उतरत गेले, तर शंखांचे थर लागतात. सगळ्यांत वर, फक्त उधाणाच्या भरतीला भिजणाऱ्या कोरड्या भागात बारीक लिटोरिना दिसतात. त्यांना टाकीत कायमचे बुडवून ठेवणे योग्य नाही. त्यांच्या खाली नेरिटा लागतात आणि नवशिक्याने सुरुवात करावी ती याच शंखापासून. नेरिटा ओरायझेरम आणि नेरिटा अल्बिसिला या जाती महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरपूर आढळतात. बोराएवढे, गोलसर, जाड कवच आणि तोंडावर चुन्याचे घट्ट बसणारे झाकण. ओहोटीच्या वेळी हा शंख तासन् तास उन्हात तापलेल्या खडकावर बसून राहतो, कवचात थोडे पाणी धरून ठेवतो आणि झाकण लावून घेतो. पावसाळ्यात त्याच्यावर गोडे पाणी पडते, उन्हाळ्यात डबक्यातले पाणी आटून जास्त खारे होते; दोन्ही तो सोसतो. टाकी सांभाळणाऱ्याकडून होणाऱ्या लहानसहान चुका सहन करण्याची सवय त्याला किनाऱ्यानेच लावलेली असते.

नेरिटाचे दोन गुण मात्र आधीच माहीत असावेत. तो पाण्याबाहेर चढतो, कारण निसर्गात त्याचा निम्मा दिवस पाण्याबाहेरच जातो. टाकीवर झाकण नसेल तर सकाळी तो फरशीवर, कधी कपाटामागे सापडतो. मुंबईच्या दमट हवेत तो बराच काळ तग धरेल. एप्रिलच्या खानदेशी हवेत तेवढी मुदत मिळत नाही. दुसरे म्हणजे तो काचेवर आणि दगडावर पांढऱ्या, तिळाएवढ्या अंड्यांच्या पुड्या चिकटवत राहतो. त्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्यांना मोकळ्या समुद्रात तरंगत वाढावे लागते, त्यामुळे टाकीत त्यांची प्रजा होत नाही. डाग नको असतील तर पट्टीने खरवडावेत, एवढेच.

त्याखाली, जास्त काळ पाण्यात राहणाऱ्या खडकांवर टर्बो आणि ट्रोकस. टर्बो ब्रुनियस आणि लुनेला कोरोनाटा हे कोकणातले टर्बो आहेत. दणकट, भुकेले आणि केसाळ शेवाळाचे बुडखे खाण्यात सगळ्यांत सरस. पण टर्बो जड असतो आणि वाटेत येणारे काहीही ढकलून पुढे जातो. मोकळे ठेवलेले दगड आधी पक्के बसवले नसतील तर तो ते पाडतो. परदेशी पुस्तकांत शिफारस केलेला मेक्सिकन टर्बो कॅलिफोर्नियाच्या आखातातला, तो सतत तापलेल्या पाण्यात लवकर खंगतो. त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

ट्रोकस हा शंकूच्या आकाराचा. त्यातला ट्रोकस रेडिएटस पश्चिम किनाऱ्यावर सर्रास दिसतो, त्याच्या कवचावर टोकापासून खाली उतरणारे लालसर पट्टे असतात. घरच्या टाकीसाठी एकच शंख निवडायचा झाला तर तो ट्रोकस असावा. तो काच आणि दगड दोन्ही साफ करतो, उबदार पाण्यात राहतो, फार पाडापाड करत नाही आणि मुख्य म्हणजे उलटा पडला तर स्वतः सरळ होतो. हा गुण वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. कॅरिबियन समुद्रातला अ‍ॅस्ट्रिया शंख, जो बाजारात स्वस्तात मिळतो, वाळूवर पाठीवर पडला की बहुतेकदा पडूनच राहतो. कोणी हात घालून सरळ केला नाही तर खेकडे त्याला खातात किंवा तो उपाशी मरतो. ट्रोकस आणि टर्बो ओळखण्याची सोपी खूण झाकणात आहे. टर्बोचे जाड, चुन्याचे, पांढरट. ट्रोकसचे पातळ, तपकिरी, नखासारखे लवचीक.

वाळूसाठी सेरिथ. लांबट, टोकदार, बोटाच्या पेरापेक्षा लहान. दिवसा वाळूत दडून रात्री वाळूवरचे डायाटम आणि उरलेसुरले अन्न खातात. काचेच्या खालच्या, वाळूला टेकलेल्या कडेची हिरवी पट्टी तेच साफ करतात, कारण मोठ्या शंखांचे तोंड तिथे पोहोचत नाही.

नाकारण्याचे शंख ओळखणेही तितकेच आवश्यक आहे. किनाऱ्यावर फिरायला गेलेल्या मुलांनी आणलेले सगळे काही टाकीत सोडायचे नसते. वाळूच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर ढिगांनी येणारे, गुळगुळीत, बटणासारखे रंगीत उंबोनियम वेस्टियारियम पाहून कोणालाही मोह होईल. पण ते पाण्यातले सूक्ष्म कण गाळून जगतात, काचेवरचे शेवाळ खरवडत नाहीत आणि स्वच्छ टाकीत हळूहळू उपाशी मरतात. देव्हाऱ्यातला पांढरा शंख ज्याचा, तो टर्बिनेला पायरम मांसाहारी, वाळूतले किडे खाणारा. तुळजाभवानीच्या भक्तांच्या गळ्यातली पिवळसर कवडी, मोनेटारिया मोनेटा, जिवंतपणी रात्री शेवाळ खाते खरी, पण तिच्या मोठ्या भावंडांपैकी अनेक जणी स्पंज आणि प्रवाळावर ताव मारतात. खडकावर नेरिटांच्या शेजारीच बसलेले थाइस कुळातले खडबडीत शंख दुसऱ्या शंखशिंपल्यांच्या कवचाला भोक पाडून आतला जीव खातात. नेरिटा म्हणून चुकून एक थाइस आला तर महिन्याभरात बाकीचे संपतात. कवचाच्या तोंडापाशी पन्हळीसारखी खाच दिसली तर असा शंख संशयित मानावा: चरणाऱ्या नेरिटा, टर्बो, ट्रोकस यांच्या तोंडाला ती नसते. सेरिथला ती असते, तेवढा अपवाद लक्षात ठेवावा. आणि शंकूच्या आकाराचा, तोंडाऐवजी लांब अरुंद फट असलेला कोनस हातातही घेऊ नये. तो विषारी दात मारतो. या कुळातल्या कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसे दगावली आहेत.

दुकानात शेवाळ खाणारा म्हणून विकला जाणारा नॅसेरियस शेवाळ खातच नाही. तो वाळूत पुरलेला राहतो, फक्त सोंड वर असते आणि खाण्याचा वास आला की वाळू उकलून बाहेर येतो. सडणारे अन्न उचलण्यासाठी एखाद-दुसरा ठेवायला हरकत नाही. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा मार्गारिट हा थंड पाण्यातला, तो टाळावाच.

ब्राह्मणपुरीच्या टाकीची खरी कसोटी मे महिन्यात लागते. बाहेर पारा चाळिशीच्या वर, दुपारी वीज गेलेली. अशा वेळी महागड्या चिलरपेक्षा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा सोडणारा छोटा पंखा, इन्व्हर्टरवर चालणारा, जास्त भरवशाचा. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने टाकीही गार होते. एक लिटर पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्च होते, ती दोनशे लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ तीन अंशांनी उतरवायला पुरेशी असते. हवा जितकी कोरडी तितके हे काम चांगले होते आणि या बाबतीत खानदेशचा उन्हाळा मुंबईच्या उन्हाळ्यापेक्षा सोयीचा आहे.

पण उडते ते फक्त पाणी. मीठ मागे राहते. समजा दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडाले आणि आठवडाभर कोणी लक्ष दिले नाही, तर दर हजारी ३५ भाग असलेले मीठ ३९ वर जाते. मासा आपल्या शरीरातले मीठ नियंत्रित करू शकतो. शंखाला ते जमत नाही, बाहेरचे पाणी जसे बदलेल तसे त्याच्या अंगातले बदलते. तो आधी हालचाल थांबवतो, मग झाकण लावून बसतो. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ मारून रोज संध्याकाळी तेवढेच आरओचे बिनमिठाचे पाणी घालावे. भर घालताना खारे पाणी घालण्याची चूक सर्वाधिक होते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राहिले पाहिजे आणि ते रिफ्रॅक्टोमीटरने मोजावे. तरंगणारा स्वस्त मापक अंदाजापुरता ठीक.

बोअरचे पाणी गाळून सरळ मीठ मिसळण्याचा मोह टाळावा. शेतीच्या पट्ट्यात भूजलात खतांचे नायट्रेट उतरलेले असू शकते. म्हणजे शेवाळ खाणारा आणायचा आणि त्याच पाण्यातून शेवाळाला खतही घालायचे. याहून गंभीर धोका तांब्याचा. शहादा परिसरात पपई, केळी, मिरची पिकते आणि बुरशीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइडची किंवा बोर्डो मिश्रणाची फवारणी होते. शंखाच्या रक्तात प्राणवायू वाहणारे द्रव्य, हिमोसायनिन, तांब्यावरच चालते, त्यामुळेच त्याचे रक्त निळसर असते. पण पाण्यात विरघळलेले थोडेसे तांबेही त्याला मारते. फवारणी करून आलेला हात, फवारणीच्या पंपाशेजारची बादली, तांब्याची घागर, यांतले काहीही टाकीच्या पाण्याला लागू नये. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर दिले जाणारे तांब्याचे औषधही शंखांच्या टाकीत कधीच ओतायचे नाही. मासा दुसऱ्या भांड्यात काढून मगच औषध.

कवचासाठी चुना लागतो. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला चारशे मिलिग्रॅमच्या थोडे वर असते. चांगल्या कृत्रिम मिठात ते मिळते, आणि महिन्यातून दोनदा थोडे पाणी बदलले की भरूनही येते. कवचाचे टोक पांढरे पडून भुसभुशीत होऊ लागले तर पाणी आम्लतेकडे झुकले आहे असे समजावे.

शंख मिळवायचे कुठून? किनाऱ्यावरून उचलून आणणे सोपे वाटते. पण कायदा आणि विवेक दोन्ही आडवे येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत २००१ साली समुद्री शंखशिंपल्यांची भर पडली आणि त्यांत मोठा ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस आहेत. मोत्यासारख्या चकाकीच्या कवचासाठी या दोघांना भरमसाट काढले गेले होते. सर्व दगडी प्रवाळही त्याच कायद्याखाली येतात. त्यामुळे शंखांसाठी जिवंत प्रवाळाचा दगड मागवणे हाही गुन्हाच. १९८७ साली घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर रिकामे कवचही उचलू नये. नेहमीच्या जातींबाबतही विक्रेत्याकडून जातीचे पूर्ण नाव विचारून घ्यावे. नुसते 'ट्रोकस' एवढे उत्तर पुरेसे नाही. शंख खडकावर कसे राहतात हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी लोकांना खडकांवर घेऊन जातो. टाकी मांडण्याआधी अशी एक फेरी केलेली बरी. कोण कुठे बसते, उन्हात कोण उघडे राहते आणि कोण दगडाखाली शिरते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दुकानातली निवड अवघड राहत नाही.

विकत घेताना शंख काचेला चिकटलेला असावा आणि पायाला स्पर्श करताच आत ओढून घेणारा असावा. तळाशी तोंड वर करून पडलेला घेऊ नये. ब्राह्मणपुरीपर्यंतचा प्रवास लांबचा, मुंबईहून रात्रभराचा किंवा सुरतेहून तापी खोऱ्याच्या रेल्वेने नंदुरबारपर्यंत आणि पुढे रस्त्याने. नेरिटा, टर्बो, ट्रोकस यांना पिशवीभर पाण्यात कोंबून आणण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या कागदात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात आणलेले जास्त सुखरूप येतात. ओहोटी सोसणाऱ्या प्राण्याला दमट हवेत काही तास काढणे जड नाही, पण स्वतःच्याच घाणीने नासलेले पाणी त्याला मारते. प्रवास रात्रीचा आणि शक्यतो दिवाळीनंतरच्या थंडीतला असावा. घरी आल्यावर टाकीचे पाणी बारीक नळीने थेंब थेंब दीड-दोन तास सोडावे आणि मग शंख दगडावर, तोंड खाली करून ठेवावा. ज्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आलेले नाहीत आणि तपकिरी थरही अजून धरलेला नाही, तिथे शंख आणण्याची वेळ झालेलीच नसते.

संख्या ही सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. परदेशी सल्ल्यांत दर गॅलनला एक शंख असे माप दिलेले आढळते, म्हणजे दोनशे लिटरला पन्नासहून अधिक. हे माप विक्रेत्याच्या सोयीचे आहे. एवढी तोंडे पहिल्या काही दिवसांत टाकी चाटून साफ करतात आणि नंतर उपाशी मरतात. मेलेल्यांच्या अमोनियाने नवे शेवाळ येते. दोनशे लिटरला दोन ट्रोकस, तीन-चार नेरिटा आणि तीन-चार सेरिथ इथून सुरुवात करावी; केसाळ शेवाळ असेल तर त्यांत एक टर्बो. मागची काच न पुसता शंखांसाठी राखून ठेवावी. तरीही चारा कमी पडला तर वाळलेल्या समुद्री शेवाळाचा, नोरीचा, तुकडा दगडाला रबराने बांधून रात्री ठेवावा आणि सकाळी उरलेला काढून घ्यावा. शंखातले खेकडे, म्हणजे हर्मिट क्रॅब, रिकामी कवचे मिळाली नाहीत की जिवंत शंखाला मारून त्याचे कवच बळकावतात. त्यांना शंखांबरोबर न ठेवणेच बरे. फुग्या मासा आणि ट्रिगर मासा यांच्या टाकीत तर शंख एक रात्रही टिकत नाही.

एकाच जागी दोन दिवस बसलेला शंख मेलाच असे समजू नये. ट्रोकस आणि टर्बो पोटभर खाल्ल्यावर असे बसतात. उचलून झाकणाला हलकेच स्पर्श करावा. झाकण आवळले तर परत ठेवावे. झाकण सैल लोंबत असेल आणि कुजका वास येत असेल तर लगेच बाहेर काढून अमोनिया तपासावा, एक पंचमांश पाणी बदलावे, खारेपणा आणि तापमान मोजावे आणि गेल्या आठवड्यात टाकीजवळ काय वेगळे घडले ते आठवून पाहावे. त्याच्या जागी दुसरा आणण्याआधी पुढची काच आठवडाभर पुसू नये. तिच्यावर हिरवा थर बोटाला लागेल इतका धरला तरच नवा शंख आणावा.